अर्थिंग

वैजूला शॉक लागला मंगळवारी, रात्री आठ बावीसला.
मी वायरमन.
त्या वेळी गावात लाइट होती, हे कबूल.

हॉटेल आमच्याच गावात, कादवेच्या वळणावर,
प्लायवूडचं.
मागून पाहिलं तर नुसते बांबू आणि खिळे,
पुढून 'हॉटेल वैजयंती, मिसळ व चहा'.
तीन वर्षं शूटिंग चाललं. चिंचखोऱ्याचं
पडद्यावर सुखापूर झालं,
आणि नाशिकहून येणाऱ्या गाडीतला कंडक्टरसुद्धा
"सुखापूरवाले पुढं या" ओरडायला लागला.
आम्ही उतरायचो.
भांडायचं कशाला, तिकीट तेवढंच.

गोष्ट साधी.
शहरातून जनावरांचा डॉक्टर येतो,
गाय त्याला हात लावू देत नाही,
वैजू त्याला उधार देत नाही.
पुढचं गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं.
त्या दोघांना कळायला
एकशे चाळीस भाग लागले.
मध्ये पुंजाराम कडलगांचा बोकड हरवला,
सरपंच दोनदा नदीत पडले,
त्यातले एकदाच कॅमेऱ्यासमोर.
मीही होतो. खांद्यावर शिडी घेऊन
सायकलवर डावीकडून उजवीकडे.
बोलायचं काही नाही.
दोनशे रुपये आणि वडापाव.

मग वैजू झालेल्या बाईंना
मुंबईत मोठं काम मिळालं,
आणि लेखकानं फ्रिजचं दार उघडलं.
ओला हात. निळी ठिणगी.
डॉक्टर धावत येतोय, येतोय,
येतोय,
जाहिरात.

सकाळी डेअरीवर कुणी बोललं नाही.
कॅनची झाकणं तेवढी वाजली.
फॅट लागली किती, तेही कुणी विचारलं नाही.
रंगनाथकाका म्हणाले,
"भास्कर, अर्थिंग पाहिली व्हती का तू?"
"काका, तो फ्रिज खोटा. आत पुठ्ठा आहे.
त्या अख्ख्या हॉटेलात एक वायर नाही."
"ते ऱ्हाऊ दे. पाहिली व्हती का?"

द्राक्षं खुडायला निघालेला बायकांचा टेम्पो
हॉटेलसमोर आपोआप हळू झाला.
दहाव्या दिवशी सिंधूताईंनी
पत्रावळीवर मिसळ ठेवली, वर लिंबाची फोड.
कावळा लगेच शिवला.
मिसळीला कुठलाही कावळा शिवेल,
पण हे मी बोललो नाही.

महिन्याभरानं बाई दुसऱ्या चॅनलवर दिसल्या,
गळाभर दागिने, सुनेच्या दुधात काहीतरी कालवताना.
"ती ही नव्हं," सिंधूताई म्हणाल्या
आणि रिमोट उशीखाली घातला.

घरी कुसुम मला काही म्हणाली नाही.
भाकरी वाढली, ठेचा वाढला.
फक्त फ्रिज उघडताना
पायात चपला घालायला लागली.

तेवीस वर्षांची नोकरी माझी.
वादळात खांबावर चढलोय,
लग्नाच्या वरातीत फेज जोडलाय,
माझ्या लाइनवर आजवर
एक चिमणीसुद्धा मेली नाही.
आणि मेली ती
जिला लाइनच नव्हती.

सेट मोडायला ट्रक सोमवारी येणार होता.
रविवारी रात्री फावडं घेतलं,
तांब्याची पट्टी, अर्धं पोतं कोळसा,
जाड मीठ.
हॉटेलच्या मागं, बांबूंच्या बाजूला
खणायला लागलो.
माघाची थंडी, निफाडकडून येणारा वारा,
आणि प्लायवूड कुरकुरत होतं
आत कुणी बाकं सरकवावीत तसं.

तीन फुटांवर मुरूम लागला.
मागून बॅटरीचा उजेड पडला.
रंगनाथकाका. डोक्याला मफलर, हातात पहार.
मला वाटलं हसतील.
त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं,
पहार माझ्याकडं दिली.

"अजून जाऊ दे खाली," म्हणाले.
"मीठ कमी पडलं तर
घरून आणतो."