एक 'नाही' कमी

सावद्याला, भारंबेकाकांच्या धर्मकाट्यावर
मी रात्रपाळीला बसते.
केळीचा ट्रक चढतो, लोखंडी पाट कण्हतो,
आकडा जरा डुलतो, मग थांबतो.
मी लिहून घेते : गाडी, भरलेलं, रिकामं, नाव.

म्हणजे घेत असे. आता प्रोग्रॅम घेतो,
जो मी लिहिला फैजपूरच्या डिप्लोम्यावर
आणि दोन ट्रकांच्या मधल्या वेळात.

मागच्या चैत्रात एका पहाटे
फेगड्यांचं वजन झोप्यांच्या नावावर पडलं,
राण्यांचं फेगड्यांच्या,
झोप्यांचं राण्यांच्या.
तिघं खिडकीशी, आणि मागून पारोळ्याचा ड्रायव्हर,
"काय करी ऱ्हायनी व माय तू!"
काका काही बोलले नाहीत.
जुनी वही तेवढी माझ्यापुढे सरकवली.

तीन तास शोधलं.
माझ्यात चूक सापडेना, याचं आधी बरं वाटलं,
मग भीती.
शेवटी त्या भाषेची पुस्तिका पुन्हा उघडली,
जे पान मी पोथीसारखं मानलं होतं, तेच :
क्रम लावताना मूळ यादी बदलत नाही.

बदलत होती.
नावं निमूट अकारविल्हे उभी राहिली होती,
वजनं आपली, आली तशी, जागच्या जागी.

पुस्तिका इंग्रजीतली. पण तिथलंही 'नाही'
आपल्याइतकंच छोटं,
आणि चुकीच्या जागी पडलं की
बावीस टनांची गाडी उलटवणारं.
लिहिणाऱ्याला झोप आली असेल.
किंवा आतून हाक आली असेल, पान वाढलंय म्हणून.

मी दुरुस्ती पाठवली.
एक लाल ओळ, तिच्याखाली हिरवी,
दोघींत फरक एका शब्दाचा.
कारण विचारलं होतं. तिथं मी आधी
केळी, काटा, पारोळ्याचा ड्रायव्हर, सगळं लिहिलं.
मग खोडलं. ठेवलं इतकंच : प्रत्यक्षात बदलते.
नवव्या दिवशी उत्तर आलं. स्वीकारलं.
खाली माझं नाव, उज्वला,
शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच, एक ज कमी.
ते मी कधी दुरुस्त केलेलं नाही.

तेव्हापासून सवयच लागली.
शून्यापासून मोजायचं तिथं कुणी एकापासून मोजलेलं,
कुणी कंस उघडून तसाच निघून गेलेला,
उदाहरणाखाली उत्तर छापलेलं आठ,
मी चालवून पाहिलं तर सात.
आई विचारते, पैसे देतात का ते?
नाही.
(हे बरोबर जागी आहे.)

वजनमापं खात्याचे तडवीसाहेब वर्षातून एकदा येतात.
शिक्क्याची वजनं पाटाच्या चारही कोपऱ्यांवर
एकेक करून ठेवतात, उचलतात,
आत कुठंतरी केसभर काही फिरवतात,
शिशाचं सील दाबतात,
चहा न घेता जातात.
दुसऱ्या दिवशी कुणी गाडीतून उतरून म्हणत नाही,
वा, आज काटा काय बरोबर दाखवतोय!

गेल्या आठवड्यात माझीच एक दुरुस्ती
कुणीतरी दुरुस्त केली.
ते उत्तर आठच होतं.
माझ्या कॉम्प्युटरवरची आवृत्ती जुनी.
नाव मला उच्चारता येणार नाही अशा माणसानं
माझा सात काढला, आठ परत ठेवला,
आणि लिहिलं, मीही आधी इथंच फसलो होतो.
कानाच्या पाळ्या तापल्या.
खिडकी उघडून जरा उभी राहिले,
बाहेर केळीच्या पानांचा ओला वास, डिझेल,
रावेरच्या बाजूला मालगाडीची लांब शिटी.

तीन चाळीसला फेगड्यांची गाडी चढली.
आकडा डुलला.
तो थांबेपर्यंत मी थांबले,
प्रोग्रॅमला दिला,
मग वहीतही लिहिला.
काका सांगत नाहीत लिही म्हणून.
पण वही उघडीच असते.