वळसा

तोक्तारचा गुडघा कारागांडाच्या इस्पितळात आहे
आणि त्याची काठी माझ्या हातात.
एकशे चाळीस मेंढ्या, सात शेळ्या,
आणि एक घोडी, जिला मी आवडत नाही.

गावामागे गवत बोटभर.
त्यापलीकडे स्टेपचं रान, घोडीच्या पोटापर्यंत;
वारा त्यातून चालतो तेव्हा
कुणीतरी दूरवर धान्य पाखडतंय असं वाटतं.
तरगाक, ती काळ्या टोपीची, पांढऱ्या भुवईची टिटवी,
तिथे राहत नाही.
तिला हवा आमचा उष्टा माळ,
मेंढ्यांनी कुरतडलेला, लेंड्यांनी भरलेला,
कोल्हा लांबूनच दिसेल इतका उघडा.
मेंढ्या नसल्या तर ती येत नाही.
मेंढ्या असल्या तर अंडी फुटतात.

कोल्खोझ मोडला त्या सालांत
कळप मांसाच्या भावाने गेले, गवत माजलं,
आणि आठ वसंत इथे तिचा आवाज नव्हता.
सासूबाई म्हणायच्या, बरं झालं, कर्कश होती मेली.
म्हणायच्या, आणि पहाटे दार उघडून उभ्या राहायच्या.

मग तोक्तारने नऊ मेंढ्या आणल्या, उधारीवर.
त्याच्या पाचव्या वर्षी एकदा जेवायला आला
तो टोपी दोन्ही हातांत धरून.
आत फुटकी कवचं, अस्तराला बलक.
काही बोलला नाही. रस्सा गार झाला.
दुसऱ्या दिवसापासून कळप वाकडा चालू लागला:
टेकाडाच्या अलीकडे डावीकडे, शंभर पावलं,
मग पुन्हा सरळ.
शेजारचा सेइतकाली हसायचा,
तोक्तार, तुझी वाट पिऊन चालते काय रे?

आज मी मुद्दाम काही केलं नाही.
काठी खांद्यावर. हाक नाही, शीळ नाही.
टेकाडाच्या अलीकडे
कानतुटकी शेळी वळली डावीकडे
आणि तिच्यामागून सगळ्या,
जणू तिथे एक घर आहे
आणि घरात कुणी निजलंय.

मी उतरले. आत गेले, वळशाच्या पोटात.
एक खळगा, चहाच्या पियालाएवढा.
त्यात सुकल्या लेंड्यांचा चुरा, दोन काड्या.
यंदाचा की मागच्या सालचा,
मला ओळखता येत नाही.
आभाळ भरपूर होतं.
घोडीने पाय बदलला.

रात्री फोनवर त्याने गुडघ्याचं काही सांगितलं नाही.
विचारलं, वळल्या का?
म्हटलं, वळल्या.