इतर

अनुकंपा तत्त्वावर लागले मी,
नवऱ्याच्या जागेवर, परिचर म्हणून,
जनावरांच्या दवाखान्यात, श्रेणी दोन.
आदेशात शब्द तोच होता, अनुकंपा.
तेव्हा मी अर्थ नाही पाहिला, पगार पाहिला.

साहेब मंगळवारी येतात आणि शुक्रवारी.
बाकीचे दिवस कुलूप, टिंचर, नोंदवही आणि मी.

नोंदवहीत रकाने:
गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी.
शेवटचा अरुंद. इतर.
त्यात शून्यसुद्धा नीट मावत नाही.

बुधवारी अंकुशने धुऱ्यावरून ओढत आणलं त्याला
खताच्या पोत्यावर.
रानडुकरांसाठी लावलेला क्लचवायरचा फास
मागच्या पायात हाडापर्यंत रुतलेला.
तीन दिवस तरी झाले असावेत;
अळ्यांच्या जाडीवरून कळतं.

"डॉक्टर नाई?"
"शुक्रवारी."
"मंग?"

मंग काय.
तोंड बांधलं जुन्या लुगड्याच्या काठाने,
पक्कडीने वायर तोडली,
सीताफळाचा पाला वाटून ठेवला पाट्यावर
आणि चिमट्याने अळ्या वेचत बसले,
तांदूळ निवडावे तशी,
फक्त इथे खडे हलत होते.
वणीची एसटी गेली, परत आली.
अंकुश ओकून आला आणि पुन्हा डोकं धरून बसला.

शुक्रवारी साहेबांनी पाय वरून काढला.
"कुत्र्याला सलाईन नसते आपल्याकडे," म्हणाले,
आणि हात धुता धुता, नळाकडे बघत,
"एक गाय वाढवा आज."

त्या तारखेला आमच्या वहीत एक गाय आहे
जी या गावात कधी जन्मली नाही.

टाके चाटू नये म्हणून रंगाच्या बादलीचं बूड कापून
गळ्यात अडकवलं.
"आतील भिंतींसाठी" असं छापलेलं घेऊन
तो आठवडाभर दारांच्या चौकटींना आपटत हिंडला.

लटारू नेवारे आला चौथ्या दिवशी.
सदऱ्याच्या खिशात एक अंडं.
"कसा हाय जी?"
"खातो."
अंडं टेबलावर ठेवून गेला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.
कुणी विचारलं तर म्हणे, कोंबड्या लई झाल्या.

मग एकदा त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर
वायरचं वेटोळं दिसलं,
टोकाला निळ्या सुतळीची गाठ.
माझ्या ड्रॉवरमधल्या तुकड्यालाही होती ती गाठ.
मी तो काढला, अंड्याशेजारी ठेवला.

तो बघत राहिला.
"डुकराईनं सारा मका नेला जी," म्हणाला.
खोटं नव्हतं ते.
मी काही बोलले नाही.

तेवढ्यात हा तीन पायांवर उड्या मारत आला,
बादली वाजवत,
आणि लटारूच्या मांडीवर हनुवटी टेकून बसला.
लटारू हलला नाही.
पायाला मुंग्या आल्या असतील, तरी नाही.
हळूच म्हणाला, "याले कुठं ठाव हाय."

फासाला ज्या हाताचा वास,
त्याच हाताचा अंड्याला.
या नाकाला ते कळलं नसेल
असं मला वाटत नाही.

जाताना वहीकडे बोट केलं त्याने.
"मालक कोन लिवला?"
"कोणीच नाही."
वाचता येत नाही त्याला, तरी पानावर वाकून
रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.
"मंग राहू द्या जी तेवढी जागा."

फास अजून लावतो की नाही, विचारलं नाही मी.
मका यंदाही उभा आहे त्याचा.

गाव याला आता इतऱ्या म्हणतं.
हाक मारली की येतो,
वळताना नसलेल्या पायावर भार टाकतो,
पडतो, आणि कुणी पाहिलं का ते बघतो.

काल सकाळी दाराच्या कडीला
कोणीतरी कापडी पिशवी अडकवून गेलं.
पिशवी हलत होती.
आत चार पिल्लं मांजराची, डोळे न उघडलेली,
एकाच्या शेपटीला चुलीची राख.
इतऱ्याने हुंगलं, शिंकला.

बाटलीचं बूच भोकलं, दूध कोमट केलं,
मग वही काढली.
रकाना अरुंद आहे.
मी आता उभं लिहिते.