या गल्लीत भूत नाही

माणशी बावीस डॉलर. सहा वर्षांखालच्यांना फुकट,
पण पोर घाबरून रडलं तर पैसे परत नाहीत,
हे कंकलसाहेबांनी पाटीवरच रंगवून घेतलंय.
आठ वाजता मी कंदील पेटवते.
पेटवते म्हणजे बटण दाबते.
डोक्याला टोपडं, अंगात घेरदार काळा झगा,
आणि झग्याखाली पळायचे बूट,
कारण ऑक्टोबरात गेटिसबर्गच्या फरशा निसरड्या होतात.

दिवसा मी डॉक्टर स्टॅम्बॉच्या दवाखान्यात असते,
लोकांच्या दाढा उपटताना दिवा धरते.
रात्री मेलेल्यांच्या गोष्टी सांगते.
दोन्हीकडे माणसं आ वासूनच असतात.

चला. कडेकडेने.
हे विटांचं घर. ही गोळीची खूण, बोट घालून बघा,
सगळेच घालतात, म्हणून ती दरवर्षी थोडी मोठी होते.
खाली तळघरात तीन दिवस करवत चालली होती.
इथे मी गप्प उभी राहते.
इथे नेहमी कुणीतरी फोटो काढतं
आणि फोटोत एक पांढरा ठिपका येतो.
ठिपका समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानाचा आहे.
मी सांगत नाही.

पुदिन्याचं मात्र सांगते. ते खरं आहे.
जुलैचं ऊन, मेलेले घोडे हजारोंनी,
माणसं जेमतेम वीतभर मातीखाली,
आणि गावच्या बाया
नाकाशी पुदिन्याच्या अर्काची बाटली धरून
बाजाराला जायच्या.
मी रुमालावर दोन थेंब टाकून फिरवते.
पोरं हुंगतात, खिदळतात.
त्यांच्या आया रुमाल लवकर पुढे देतात.

मग ब्रेकेनरिज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर
आपण डावीकडे वळतो. नेहमीच वळतो.
गेल्या शनिवारी एका मुलानं विचारलं,
उजवीकडे काय आहे?
दहा-अकराचा असेल, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली,
हातात भुतं ओळखायचं यंत्र, आमच्याच दुकानातलं.
मी म्हटलं, तिकडे काही नाही.
यंत्राचा दिवाही हिरवाच होता.

तेव्हा पायरीवर बसून सफरचंदं सोलणारी
थिओडोरा टिलमन म्हणाली,
"खरंय बाळा. आमच्या गल्लीत भूत नाही.
भूत व्हायचं तर आधी घरात मरायला मिळावं लागतं."

सुरी थांबली नाही. साल तुटली नाही.
"जूनमध्येच कळलं, दक्षिणेचं सैन्य येतंय
आणि येताना आमची माणसं धरतंय, गुरं धरावीत तशी,
ज्यांना कधी कुणी विकलं नव्हतं तीसुद्धा.
माझी खापरपणजी केझाया धुणं धुवायची.
लोकांचे कपडे तसेच दोरीवर ओले सोडून
ती उत्तरेला चालू लागली.
बहीण म्हणाली, तू हो पुढे,
इस्त्री तापलीय, एवढे दोन सदरे उरकते."

एक फोड तिनं मुलाला दिली.
त्यानं ती खाल्ली नाही, धरून ठेवली.

"व्हर्जिनियाच्या रस्त्यावर कुणी पाहिली म्हणे तिला,
दोरीला बांधलेली.
आता ती भूत होऊन यायची
तर तिकडून चालत यायला हवी.
रात्री चालायचं, दिवसा लपायचं.
डोंगर आहे मध्ये, नदी आहे.
कोण जाणे, वाटेतच असेल अजून."

कंकलसाहेबांना मी विचारलं.
ते म्हणाले, त्यात दाखवायचं काय?
बरोबर आहे त्यांचं. पायरी आहे, कुंडी आहे,
सफरचंदाच्या साली आहेत.

म्हणून मी अजून डावीकडेच वळते.
फक्त या कोपऱ्यावर आले की बटण दाबून
कंदील विझवते.
लोकांना वाटतं, घाबरवायची युक्ती आहे,
बक्षिसीही बरी मिळते.
पण दक्षिणेकडून कुणी येत असेल
तर उजेड बघून झाडीत बसायला नको.

चला. अंधार आहे,
एकमेकांचा हात धरा.
इथली फरशी सांभाळून.