पन्नास पौंड

मामा चौकातून बियाण्यांच्या गोदामांकडे वळलं
की डाव्या हाताला माझं दुकान.
पाटी क्रिकेटची, पोट बॅडमिंटनवर,
आणि टेनिसचं म्हणाल
तर अख्ख्या जालन्यात एकाच पोरीची तार तुटते.

उत्कर्षा बोराडे. जगात सहाशे एकोणचाळीसावी.
हसू नका.
तिच्या मोबाईलवर ती यादी मी बोटाने सरकवत गेलो होतो,
तिचं नाव येईस्तोवर चहा निवला.
आणि तिच्याखाली अजून यादी होतीच.

खांद्याचं तिने कुणाला सांगितलं नाही.
वडिलांना तर नाहीच. ते रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला,
लाल सळईसमोर उभं आयुष्य गेलेला माणूस,
त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे भाजणं.
दिसलं पाहिजे.

मला आकड्यावरून कळलं.
दिवाळीला म्हणाली, चाचा, पंचावन्न पौंड.
संक्रांतीला त्रेपन्न.
मग एकदा पैसे मोजता मोजता, सहज,
"या खेपेला एक्कावन्न करा, मऊ बरं वाटतंय."
मऊ कुणाला बरं वाटतं?
मी काही बोललो नाही. चिमटा आवळला,
उभ्या सोळा, आडव्या एकोणीस,
एक वरून एक खालून, विणत राहिलो.

"सगळ्याच लपवतात," एकदा तीच म्हणाली,
लाईट गेली होती म्हणून असेल.
हैदराबादची लावण्या घोट्याची पट्टी लांब मोज्यात दडवते
आणि सरावाला येताना मुद्दाम पळत येते.
एक कझाकस्तानची, उजव्या हाताने खेळणारी,
आरशासमोर डाव्या हाताने केस विंचरत होती.
"मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळे बॉल उंच टाकले तिला.
जिंकले, चाचा.
पण तीही बघत होती
मी टॉवेल कुठल्या हाताने पिळते ते."

संभाजीनगरला त्या मशीनच्या बोगद्यात झोपून आली.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
पुण्याची स्पर्धा अकरा दिवसांवर,
गेल्या साली तिथेच कमावलेले गुण
याच आठवड्यात गळून पडणार. बसून राहिली
तर मोबाईलवर अजून बरंच खाली सरकावं लागेल.
रसवंतीवाला तिला रोज बर्फाची लादी देतो,
त्याला वाटतं घरी पाहुणे आहेत.

परवा आली. दोन्ही रॅकेटी काउंटरवर ठेवल्या.
"पंचावन्न."
माझ्याकडे न बघता.

म्हणजे एकतर बरी झाली,
नाहीतर तिचं ठरलं.

शटर अर्धं ओढून मशीन पन्नासवर लावलं.
चिठ्ठीवर लिहिलं पंचावन्न.
सव्वीस वर्षांत चिठ्ठीवर खोटं हे पहिलं.

सकाळी तिने रॅकेट कानाशी धरली,
तारांवर तळहात मारला.
पुन्हा मारला.
अर्ध्या पौंडाचा फरक कळतो तिला, मला ठाऊक होतं.
"तुमचं मशीन जुनं झालं का, चाचा?"
"झालं असेल."
"दुसऱ्या दुकानात जाऊ?"
"जालन्यात दुसरं कुठंय?"

हसली नाही.
पण बॅग उचलली ती डाव्या खांद्यावर,
माझ्यासमोर, काही न लपवता,
आणि बस गाठायला गेली.

दुपारी तिचे वडील आले, डोळे रात्रपाळीचे.
उधारी विचारली. द्यायची नव्हतीच.
मग ग्रिपची गुंडाळी उलटसुलट करत म्हणाले,
"भाकरी डाव्या हाताने मोडून राहिली महिनाभर.
मला माहीत आहे हे तिला सांगू नका."

मी चिठ्ठीचंही सांगून टाकलं मग.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"पन्नासवर," त्यांनी विचारलं,
"बॉल जाळीपलीकडे जातो का?"

जातो की.
पन्नासवर उलट लांबच जातो.
रेषेच्या आत ठेवणं
तेवढं तिला बघावं लागेल.