जागल

मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस
आणि आमच्या उबवणपेटीत सत्तावीस.
नाव उबेचं, काम गारव्याचं.
हिंगणघाटच्या अलीकडच्या या फाट्यावर
एवढी सावली कुणाच्याच वाट्याला नाही
जेवढी या पेशींच्या.

त्या लष्करी अळीच्या.
म्हणजे कधीकाळी, कुठल्याशा परदेशात,
कोषातल्या एका मादीच्या अंडाशयातून काढलेल्या.
ती पतंग झालीच नाही.
तिचं अंडाशय मात्र अजून वाढतंय
इथे, पत्र्याच्या छताखाली, चपट्या बाटलीत.
दर तिसऱ्या दिवशी मी तिला खाऊ घालते.

ढवस मॅडम म्हणतात, आपण काही कापत नाही, नेवारे,
आपण फक्त उठवतो.
या पेशीत हे जनुक, त्या पेशीत ते,
हजारो दारं, एकेका दारावर एकच थाप.
मग विष.
मग वाट.
मेलेल्या तळ सोडून तरंगायला लागतात.
उरतात त्यांना विचारायचं:
तुझ्या घरात कोण जागं होतं?

आईला सांगितलं.
ती काडीवर सरगुंडे वळत होती, हात थांबला नाही.
"मंग उठवता कायले?
निजलं हाय तं निजू द्या ना बापा."

मला तेव्हा सुचलं नाही.
आता वाटतं, म्हणायला हवं होतं,
शेतात आम्ही नाही उठवत, आई.
तिथे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत
दर आठ दिवसांनी थाप पडतेच.
आम्ही फक्त बघतोय कोण उठून बसलंय.

काल रात्री लाइन गेली.
इन्व्हर्टर तासाभरात झोपला.
गुणवंतकाकाला फोन केला,
तो लग्नाच्या मांडवातून बर्फाची अर्धी लादी
गोणपाटात गुंडाळून सायकलवर घेऊन आला.
पेटीत बर्फ, पेटीबाहेर आम्ही दोघं,
डासांना हात मारत.

काका फवारणीला जातो. लोकांच्या पऱ्हाटीत, रोजानं.
हंगामात घास तोंडाशी नेऊन थांबतो,
बोटं हुंगतो, ताट सरकवतो.

पहाटे लाइन आली तेव्हा म्हणाला, दाखव.
मी वाचलेल्यांची बाटली भिंगाखाली ठेवली.
बराच वेळ एक डोळा मिटून बसला.
"यायनं कसं केलं?"

मी म्हणाले, नक्की काय ते नागपूरहून कळेल,
पण अंदाज असा की
दारात एक जण बसतो,
विष आत आलं की उचलून बाहेर टाकतो.
झोपला होता. उठला.

"रातभर?"
रात्रंदिवस.

त्यानं डोळा काढला,
टेबलावरच्या दिव्याखाली स्वतःचे हात धरले,
पालथे, मग उताणे,
नखांपाशी पिवळं पडलेले.

"आमच्यात नाई का थो?"

पेटीवर आकडा उतरत होता.
एकोणतीस.
अठ्ठावीस.
गोणपाटाचं पाणी दारापर्यंत गेलं होतं,
मी पोचारा आणायला उठले.