खालची कड

मुनोत अँड कंपनीचं दार,
तिसरा मजला, शंकरशेठ रोडची ती निळ्या काचेची इमारत,
खांदा दिल्याशिवाय उघडत नाही.
रिसेप्शनवरची रेवती डावा खांदा देते,
कुरिअरवाला बूट.
चहावाला बाहेरूनच ओरडतो.

“फुगलंय. रंधा मारा आणि मोकळं करा,”
मुनोतसाहेब फोनवरची नजर न काढता म्हणाले.

मी रंधा पिशवीतच ठेवला.
फुगणं वेगळं, बाक वेगळा, पीळ वेगळा.
लोक तिघांना एकच शिवी देतात.

आधी चौकट. ओळंबा सोडला.
तो हलायचा थांबेपर्यंत कुणाशी बोलायचं नसतं.
चौकट सरळ होती बिचारी.
मग पीएमटीच्या तिकिटाची घडी
फटीतून फिरवली: वर सहज,
कुलपापाशी अडली,
खाली गेलीच नाही.

सोहेल, दोरे बांध.
कोपरा ते कोपरा, फुलीसारखे.
मधे एकमेकांना टेकले तर दार शहाणं.
टेकले नाहीत.
पेन्सिल जाईल एवढी हवा मधे.

आत एसी, अठरावर, दिवसभर.
बाहेर जिना, जिथे ऑगस्टभर
छत्र्या निथळतात आणि फरशी सुकत नाही.
आतल्या अंगाला सनमायका, सागाच्या रंगाचा, महागाचा.
बाहेरच्या अंगाला नुसता रंग, तोही एक हात.
एक अंग रेनकोट घालून बसलेलं, दुसरं उघडं.
उघडं अंग पाणी पितं
आणि सगळं दार जिन्याकडे पोट काढतं.

साहेबांना एवढं सांगितलं.
“म्हणजे किती?” ते म्हणाले.
एरवी हा प्रश्न ओळंब्याच्याही आधी येतो.

दार उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं.
खालची कड पहिल्यांदाच उजेडात आली.
प्रायमर नाही, रंग नाही,
काळं पडलेलं लाकूड,
रोज संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या फडक्याचं पाणी
वर्षानुवर्षं चोखत बसलेलं.

“कोण हा गाढव?” सोहेल म्हणाला.

मी बिजागरीच्या खाचेतला भुसा फुंकला.
तिथे पेन्सिलीचा बाण, वरच्या दिशेचा,
बाणाच्या पोटात एक टिंब.
असा बाण भवानी पेठेपासून कात्रजपर्यंत
एकच माणूस काढतो.

चौदा वर्षं झाली. दसऱ्याचं उद्घाटन,
एका रात्रीत अकरा दारं.
रंगारी म्हणाला, तुम्ही टांगून मोकळे झालात,
आता खाली ब्रश जात नाही.
मी म्हणालो, जाऊ दे. खाली कोण बघतंय.

पाणी बघत होतं.

सोहेलला एवढंच म्हणालो,
पॉलिश पेपर दे, एकशेवीसचा.
आणि हे बघ, दाराला सहा बाजू असतात.
गिऱ्हाइकाला दोनच दिसतात.

चार दिवस.
उलटा बाक देऊन क्लॅम्पात आवळलं, सुकू दिलं,
बाहेरच्या अंगालाही तोच सनमायका,
चारी कडांना प्रायमर, खालच्या कडेला तीन हात,
मधे एक जादा बिजागरी.
तरी एक सूत बाक उरलाच.
चौकटीची पट्टी एक सूत सरकवली.
दार ऐकत नसेल तिथे
चौकटीला थोडं समजावायचं.

पाचव्या दिवशी रेवती सवयीने खांदा पुढे करून आली.
दार तिच्या आधीच आत गेलं,
ती थेट टेबलापर्यंत धडपडली.
हसली, मग चिडली माझ्यावर.

मुनोतसाहेबांनी बिल दोनदा वाचलं,
पाठीमागूनही पाहिलं.
“मजुरी लिहायची राहिली.”
“ती आधीच घेतलीये,” मी म्हणालो.
त्यांनी पुढे विचारलं नाही.

पिशवी घेऊन जिना उतरलो.
दुसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडे,
कुणीतरी दाराला खांदा देत होतं.
सोहेल पुढे निघून गेला होता.
मी पिशवी खाली ठेवली,
खिशात तिकीट शोधू लागलो.